आधी आपली पायरी मोडा

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक जुना संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा पडलेला असतो, माहेरवाशिणी आलेल्या असतात, मुले फटाक्यांच्या वाटणीवरून आधीच पुरेशी भांडलेली असतात. अशा वेळी लेखकाने चार घटका करमणूक करावी, फार तर एखादा चिमटा काढावा आणि बाजूला व्हावे. मी छत्तीस वर्षे शाळेत शिकवले, तेव्हा संकेत पाळण्याची मला सवय आहे. तरीही आज मी भांडणार आहे. विषय फार दूरचा नाही. आपण ज्या रस्त्याने जाऊन हा अंक आणलात, त्या रस्त्याचाच आहे. आणि ज्यांच्याशी मला भांडायचे आहे त्यांच्या यादीत पहिले नाव माझेच आहे, तेव्हा निदान पहिली दोन पाने तरी कोणी रागावण्याचे कारण नाही.

आमच्या गावाचे नाव मी सांगत नाही. ते सांगितले, की ‘अहो, तेथे असे चालायचेच!’ असे म्हणून बाकीच्या गावांतले लोक मोकळे होतात. एवढेच सांगतो, की ते पुण्या-मुंबईएवढे मोठे नाही. पण पुण्या-मुंबईच्या साऱ्या खोडी त्याने उचलल्या आहेत. मारुतीच्या देवळापासून एस. टी. स्थानकापर्यंत जाणारा आमचा रस्ता नऊशे मीटर लांब आहे. माझ्या वडिलांनी १९५८ साली येथे घर बांधले, तेव्हा दोन्ही बाजूंना कडुनिंबाची रांग होती आणि संध्याकाळी माणसे दारात खुर्च्या टाकून बसत. आज निंब आठ उरले आहेत. खुर्च्या टाकायला जागाच उरलेली नाही. त्यांच्या जागी आता मोटारी बसतात आणि माणसे घरात बसतात.

वडिलांनी घराच्या पायऱ्या कुंपणाच्या आत बांधल्या होत्या. १९९४ साली मी स्कूटर घेतली. ती आत चढविता यावी म्हणून मी पायरी पुढे काढली आणि फुटपाथवर सिमेंटचा एक लहानसा उतार घातला. पुढे मुलाने मोटार घेतली. तेव्हा, २००९ साली, तो उतार रुंद केला. दोन्ही वेळी मी कोणाला विचारले नाही आणि कोणी मला अडविलेही नाही. उलट दोघा-तिघा शेजाऱ्यांनी गवंड्याचा पत्ता विचारून घेतला. मी नागरिकशास्त्र शिकवीत असे, हेही येथे सांगून टाकतो. नाही तरी माझे जुने विद्यार्थी हा लेख वाचून ते सांगणारच आहेत.

आता शेजारच्या काकूंची गोष्ट. काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. मी सातवीत असताना त्या या आळीत सून म्हणून आल्या आणि मला अजूनही ‘बाळ’ म्हणतात. गेल्या वर्षी कोजागिरीनंतर मारुतीच्या देवळात काकडआरती सुरू झाली. काकू पहाटे निघाल्या. माझ्या दाराशी आल्या, की त्या नेहमी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरत. कारण माझा उतार आडवा, आणि पहाटेच्या दंवाने निसरडा. त्या दिवशीही त्या उतरल्या. मागून दुधाचा टेंपो आला. त्याच्या बाहेर आलेल्या आरशाचा धक्का त्यांच्या खांद्याला लागला आणि त्या पडल्या. खुब्याचे हाड मोडले.

त्यांच्याकडे पहिली धावली ती कोपऱ्यावरच्या निंबाखाली बसणारी भाजीवाली मावशी. ती पहाटे पाचलाच येऊन पाट्या मांडते. तिने आपल्या पोत्याची घडी करून काकूंच्या डोक्याखाली दिली, टेंपोवाल्याला थांबविले आणि मग माझे दार ठोठावले. मी नंतर दवाखान्यात काकूंना भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “बाळ, तुझ्या दाराशीच पडले बघ. म्हणून तर लवकर मदत मिळाली.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर सुचले असते.

त्यानंतर आमच्या रस्त्याला जाग आली. मंगल कार्यालयाच्या गच्चीवर सभा भरली, मंडळ स्थापन झाले. एक निवृत्त इंजिनिअर अध्यक्ष, एक औषधांचे दुकानदार खजिनदार, आणि ज्याला दोन वाक्ये बरी लिहिता येतात तो मी चिटणीस. सगळे स्वयंसेवक, कोणाला एक पै मिळायची नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे मी या मंडळींना बरेच काही बोलणार आहे. दर रविवारी सकाळी आपला वेळ आणि चहा खर्च करून जे लोक रस्त्याचा विचार करायला जमतात, ते घरी बसून रस्त्याला शिव्या देणाऱ्यांपेक्षा खचित श्रेष्ठ होत. पण केवळ जमल्याने शहाणपण येत नाही.

पहिल्या तीन सभांत आम्ही आराखडा तयार केला. तो असा: देवळापाशी एक कमान. भिंतींवर चित्रे. दोन्ही बाजूंना कुंड्या. चौकात गावाच्या नावाची मोठी प्रकाशमान अक्षरे, म्हणजे मुलांना शेजारी उभे राहून फोटो काढता येतील. स्थानकाच्या तोंडाशी कारंजे. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या क्रमांकाचे कलम: ‘फेरीवाले हटविणे.’ ते कलम मी माझ्या हाताने लिहिले आणि त्याला अनुमोदनही दिले. काकूंच्या अपघातावरून ज्या मंडळाचा जन्म झाला, त्या मंडळाच्या आराखड्यात काकू चालणार कोठून, याविषयी एक ओळ नव्हती. हा आराखडा आम्ही रंगीत छापून घेतला. पालिकेच्या कचेरीतल्या साहेबांनी तो पाहिला, छान आहे म्हणाले आणि टेबलावरच्या अशाच छान कागदांत ठेवून दिला.

चौथ्या सभेला माझी नात आली. ती स्थापत्यशास्त्र शिकते. तिने आराखडा वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “आजोबा, तुम्ही रस्ता मोजला का?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. आम्ही कारंजे मोजले होते. त्याचे तीन ठिकाणचे दरही आणले होते. रस्ता मात्र मोजला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही नऊ जण टेप, खडू आणि वही घेऊन निघालो. मोजण्याचे मापही नातीनेच सांगितले. भारतीय रस्ते काँग्रेस म्हणून एक संस्था आहे. तिने २०१२ साली पादचाऱ्यांच्या सोयींसाठी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. त्यांत म्हटले आहे, की फुटपाथवर चालण्यासाठी निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, जागा पूर्ण मोकळी पाहिजे. आणि रस्त्यापासून फुटपाथची उंची १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंचांहून अधिक नसावी. सहा फूट का, तर समोरासमोरून येणाऱ्या दोन माणसांना, किंवा चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला आणि त्याच्या समोरून येणाऱ्याला, अंग न चोरता जाता यावे. सहा इंच का, तर म्हाताऱ्या गुडघ्याला तेवढेच झेपते. आमचा फुटपाथ काही ठिकाणी अकरा इंच उंच निघाला. दर वेळी डांबरीकरणाच्या जोडीने कोणी ना कोणी त्यावर नवे पेव्हिंग ब्लॉक बसविले होते. तो फुटपाथ उरला नव्हता, ओटा झाला होता. आणि ओट्यावर कोणी चालत नाही, ओट्यावर बसतात.

मग अडथळे मोजले. दोन्ही बाजू मिळून २१४ भरले. त्यांचा हिशेब असा: घरांच्या व दुकानांच्या पायऱ्या आणि उतार ८१, फुटपाथवर चढविलेल्या मोटारी व दुचाक्या ६७, दुकानांच्या पाट्या आणि बाहेर मांडलेला माल २९, विजेच्या पेट्या व खांब १८, झाडे ८, आणि फेरीवाले ११. सलग सहा फूट मोकळी अशी सर्वांत लांब जागा तेवीस मीटर भरली, आणि तीही शाळेच्या भिंतीपाशी, कारण भिंतीला दार नाही आणि म्हणून पायरीही नाही.

वाचकहो, हा हिशेब मी तुमच्यासमोर मुद्दाम मांडला. आमच्या आराखड्याचे पहिले कलम होते अकरा माणसांना हटविण्याचे. पायऱ्या, वाहने आणि पाट्या मिळून १७७ अडथळे आमचे होते. आम्हा करदात्यांचे, प्रतिष्ठितांचे, मंडळाच्या सभासदांचे. मोजणी चालू असताना भाजीवाली मावशी मला म्हणाली, “मास्तर, टेप लावताय ते लावा. पर मला उठवनार असाल तर आधी सांगा, म्हंजे माल कमी भरते.” मी टेप गुंडाळू लागलो. तिच्या बसण्याची जागा चार फूट भरली होती. माझा उतार नऊ फूट होता.

रात्री मी आराखडा पुन्हा काढला आणि पहिल्या कलमावर काट मारली. पुढच्या सभेत नवे पहिले कलम वाचले: ‘सभासदांनी आपापल्या पायऱ्या व उतार कुंपणाच्या आत घ्यावेत.’ सभेत एवढी शांतता पसरली, की खाली कार्यालयात चाललेल्या मुंजीतला भटजींचा आवाज वर ऐकू आला. मग एकेक सद्गृहस्थ बोलू लागले. त्यांचे आक्षेप आमच्याच रस्त्यावरचे आहेत असे मला वाटत नाही. तुमच्याही रस्त्यावर ते राहत असतील. म्हणून त्यांची उत्तरे येथे देतो.

पहिले गृहस्थ म्हणाले, “फुटपाथ हे पालिकेचे काम. आपण कर भरतो ते कशासाठी?” बरोबर आहे, ते पालिकेचेच काम आहे. मध्य प्रदेशात रतलाम म्हणून गाव आहे. तेथल्या न्यू रोडवरचे रहिवासी उघड्या गटारांना आणि घाणीला कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पालिका म्हणाली, पैसा नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसा नाही ही सबब नागरिकांच्या आरोग्याच्या बाबतीत पालिकेला सांगता येणार नाही. आता तर २०२५ च्या मे महिन्यात त्याच न्यायालयाने सांगितले आहे, की अडथळा नसलेला फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा पालिकेला जाब विचाराच. पण रतलामचे रहिवासी गटाराविरुद्ध गेले ते गटार पालिकेचे होते म्हणून. आपण फुटपाथसाठी पालिकेकडे गेलो आणि तिने विचारले, की त्यावरची ही नऊ फुटांची पायरी कोणाची, तर आपण काय सांगणार? दावा लावणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात.

दुसरे म्हणाले, “फेरीवाल्यांना अभय दिले, तर उद्या अकराचे एकशे अकरा होतील.” ही भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण तिच्यावर उपाय कायद्याने सांगितलेला आहे. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि नियमनाचा कायदा केला. त्याप्रमाणे प्रत्येक शहरात एक पथविक्रेता समिती असावयाची. तिच्यात निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया. आधी पाहणी करावयाची, प्रमाणपत्रे द्यावयाची, जागा ठरवावयाच्या, आणि पाहणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवावयाचे नाही. त्या समितीत रहिवाशांच्या संस्थांनाही स्थान आहे. म्हणजे मावशीने कोठे बसावे हे ठरविण्याची जागा आहे, आणि त्या जागी मावशीचीही खुर्ची आहे. मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मात्र ती नव्हती. तिला बोलवावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नव्हते. एक गोष्ट आणखी सांगतो. पहाटे पाच ते रात्री नऊपर्यंत या रस्त्यावर ज्यांचे लक्ष असते असे अकराच लोक आहेत, आणि ते हेच. काकूंना उचलायला कारंजे धावले नसते.

तिसरे, आणि यांचा आवाज सर्वांत मोठा होता, म्हणाले, “मग मोटार ठेवू कोठे? डोक्यावर?” मी त्यांना विचारले, की मोटारीला उभे राहायला जागा किती लागते? पाच मीटर लांब, अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर धरा. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीचे क्षेत्रफळ काढा. ते याहून थोडे कमीच भरेल. त्या खोलीत मराठी माणसाने सहा-सात जणांचे संसार केले, मुले शिकविली, मुलींची लग्ने केली आणि भाडेही भरले. आपण एवढी जागा लोखंडाच्या एका पेटीला द्यावी, तीही सार्वजनिक, तीही फुकट, आणि ती मागितली तर अन्याय झाला म्हणून ओरडावे? मोटार घेऊ नका असे मी म्हणत नाही. माझ्याच घरात आहे. पण मोटार घेताना जागा घेतली नाही, हा दोष काकूंचा नव्हे.

चौथ्या गृहस्थांचा आक्षेप तांत्रिक होता आणि म्हणून मला आवडला. “उतार काढला तर गाडी आत चढणार कशी?” याचे उत्तर अध्यक्षांनीच फळ्यावर काढून दाखविले. आपण करतो काय, तर गाडीसाठी सबंध फुटपाथ खाली वाकवितो. खरे पाहता फुटपाथ एका पातळीत सरळ जाऊ द्यावयाचा. त्याच्या रस्त्याकडच्या कडेला, खांब आणि झाडे ज्या पट्टीत असतात तेवढ्याच पट्टीत, छोटा उतार ठेवावयाचा. गाडीने तेथे वर चढावे, सपाट फुटपाथ हळूच ओलांडावा आणि आपल्या फाटकात शिरावे. उरलेली उंची कुंपणाच्या आत सोडवावी. सध्या गाडी सपाट जाते आणि म्हातारी माणसे चढउतार करतात. नव्या रीतीत माणूस सपाट जाईल आणि चढउतार गाडी करील. तिला खुबा नसतो.

पाचवे काही बोललेच नाहीत. नुसते हसले आणि उठून गेले. अशा हसण्याला उत्तर देणे सर्वांत अवघड, पण प्रयत्न करतो. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. सरकारचेच हे आकडे आहेत. म्हणजे दिवसाला नव्वद. दिवाळीच्या चार दिवसांचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. सणाच्या दिवशी मी तो कागदावर करीत नाही.

आणि प्रश्न नुसता हाडे मोडण्याचा नाही. अमेरिकेत डोनल्ड ॲपलयार्ड म्हणून एक प्राध्यापक होऊन गेले. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सारख्याच घरांच्या तीन रस्त्यांचा अभ्यास केला. एकावर मोटारींची वर्दळ थोडी, दुसऱ्यावर मध्यम, तिसऱ्यावर फार. थोड्या वर्दळीच्या रस्त्यावर माणसाला आपल्याच रस्त्यात सरासरी तीन मित्र होते. फार वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता. १९८१ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. आम्हाला हे कळायला पुस्तकाची गरज नव्हती. दारातल्या खुर्च्या कोठे गेल्या, एवढे आठवले तरी पुरे होते. दिवाळीच्या फराळाची ताटे आपण पूर्वी दहा घरी देत असू, आता तीन घरी देतो. वेळ नाही म्हणतो. वेळ आहे, ताट घेऊन चालायला वाट नाही.

आता दिवाळीचाच विषय निघाला आहे, तर एक जुनी हकीकत सांगतो. पॅट्रिक गेडीस नावाचे एक स्कॉटिश नगररचनाकार होते. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले ते हेच. १९१७ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरच्या सुधारणेसाठी बोलावले. शहरात प्लेगचा आणि हिवतापाचा धुमाकूळ होता. गेडीस आराखडा काढण्यापूर्वी गल्लोगल्ली पायी हिंडत. हातात नकाशा घेऊन हिंडणारा हा म्हातारा साहेबच प्लेग आणतो, असे म्हणून लोक त्यांना भिऊ लागले. तेव्हा त्यांनी महाराजांकडे एक अजब मागणी केली: मला एक दिवस या शहराचा राजा करा. तो दिवस दिवाळीचा. त्यांनी जाहीर केले, की यंदा मोठी मिरवणूक निघेल. पण तिचा मार्ग नेहमीचा नसेल. ज्या भागातले लोक आपली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ करतील, त्या भागातून ती जाईल. सारे शहर झाडू घेऊन उठले. गाड्याच गाड्या भरून केर बाहेर पडला. मिरवणुकीत हत्ती होते, घोडे होते, प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा होती, जी शेवटी जाळण्यात आली. पण सर्वांत मानाची जागा होती शहरातल्या झाडूवाल्यांना. ते नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात माळा घालून चालले आणि गेडीस यांनी त्यांचा सन्मान केला. ही गोष्ट १९१७ सालातली आहे, हे ध्यानात घ्या.

गेडीस यांनी त्या दिवशी कमान उभारली नाही. त्यांनी लोकांना मिरवणुकीचा मार्ग दिला आणि तो मिळविण्याची अट घातली. आणि ज्यांना रस्त्यावरचे म्हणून हिणवले जात होते त्यांनाच पुढे चालविले. आपली मंडळे आज नेमके उलटे करतात. आधी सत्कार, मग फलक, मग फलकावर कोणाचे छायाचित्र मोठे यावरून दोन तट, आणि ज्यांचे पोट रस्त्यावर आहे ते कलम एकमध्ये. १९९३ पासून अमलात आलेल्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. पुण्याच्या पालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची प्रथा पाडली. दारे अगदीच बंद नाहीत. पण त्या दारांतून आपण कारंजी घेऊन आत जाऊ लागलो, तर आतल्या लोकांना दोष कसा द्यावयाचा?

सभा कशी संपली ते सांगायचे राहिले. ठराव पडला. बाजूने सात, विरुद्ध एकोणीस. मी चिटणीसपद सोडले नाही, कारण सोडणे सोपे होते. यंदाच्या दसऱ्याला सकाळी गवंडी बोलावला आणि माझी पायरी व उतार फोडायला सांगितले. सीमोल्लंघन म्हणतात ते हेच असावे. सोळा वर्षे, नव्हे एकतीस वर्षे, मी सीमा ओलांडून बाहेर बसलो होतो, तो आत आलो. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पहारीचा आवाज ऐकून समोरच्या घरातले लोक गच्चीवर आले. संध्याकाळपर्यंत राडारोडा उचलून झाला आणि खाली वडिलांच्या वेळच्या शहाबादी फरशीचा तुकडा निघाला. मावशीने जाता जाता विचारले, “मास्तर, घर इकलं का काय?”

आठवड्याने अध्यक्षांनी आपला उतार काढला. मग औषधवाल्यांनी पाटी आत घेतली आणि दाराशी सपाट फरशी घातली. विरुद्ध मत देणाऱ्यांपैकी दोघांनी काही न बोलता काम उरकले. आमच्या बाजूला सलग नऊ घरे आता मोकळी आहेत. पालिकेनेही, आम्ही मागणी केल्यावर, त्या नऊ घरांपुरती एक विजेची पेटी सरकवून दिली. हात स्वच्छ करून गेल्याचा एवढा उपयोग झाला. मावशीची जागा निंबाच्या पट्टीत खडूने आखली आहे. चालण्याचे सहा फूट सोडून ती तेथे बसते आणि पाटी पुढे सरकली तर स्वतःच मागे ओढते.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपल्या घरांतून रांगोळीने लक्ष्मीची पावले काढतात. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत ती असतात, आत येणारी. उंबऱ्यापर्यंत ती माउली कोणत्या वाटेने येते, याचा विचार मी सत्तर वर्षांत केला नव्हता. माझ्या दाराशी तिला फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावे लागत होते, टेंपोच्या आरशाखालून. यंदा नातीने ठरविले आहे, की पावले उंबऱ्याबाहेर, फुटपाथवर काढायची. नवव्या घरापासून आमच्या घरापर्यंत.

काकू आता वॉकर घेऊन चालतात. रोज संध्याकाळी घराबाहेर पडतात, एकेका दारात दोन मिनिटे थांबतात, चौकशी करतात आणि नवव्या घरापाशी जाऊन परत फिरतात. दहाव्या घराची पायरी पाऊण हात उंच आहे आणि तिला लागून उतार आहे. मारुतीचे देऊळ तेथून आणखी चाळीस घरांवर आहे. काकडआरती सुरू झाली आहे. तिचा आवाज पहाटे त्यांना अंथरुणात ऐकू येतो. परवा त्या मला म्हणाल्या, “बाळ, त्या दहाव्या घरात कोण राहतं रे हल्ली? चांगले लोक असतील. कोणी सांगितलं नसेल त्यांना.”

म्हणून सांगतो आहे. हा अंक त्या घरीही येतो, तुमच्याही येतो. फराळ झाला, की एकदा फाटकाबाहेर जाऊन खाली पाहावे. दिवाळी सुखाची जावो.